अजिंक्य येणार होता

२०२३ च्या सुरुवातीला लेस्टरशायर या इंग्लंडमधल्या काउंटी संघाने जाहीर केलं, की अजिंक्य रहाणे उन्हाळ्यात आपल्याकडून खेळणार. आयपीएल संपली की जूनमध्ये यायचं, काउंटी चॅम्पियनशिप या चार दिवसांच्या सामन्यांच्या स्पर्धेतले आठ सामने खेळायचे आणि ऑगस्टमधली एकदिवसीय स्पर्धाही पूर्ण खेळायची. मी लेस्टरमध्ये राहते आणि वाढले डोंबिवलीत. लहानपणी डोंबिवलीहून किट सांभाळत लोकलच्या गर्दीतून मैदान गाठणारा मुलगा आता ग्रेस रोडवर, माझ्या घरापासून बसने जाता येईल अशा मैदानावर, चार-चार दिवसांचे सामने खेळणार होता. बातमी मी आधी आईला फोनवर सांगितली. मग ऑफिसातल्या सुट्ट्यांचा अर्ज भरायला घेतला.

क्लबच्या बाजूने पाहिलं तर हा विचार चोख होता. जानेवारी २०२२ मधल्या केपटाउन कसोटीनंतर रहाणे भारतीय संघाबाहेर होता. वय पस्तिशीकडे झुकलेलं, त्याच्या जागी नवे फलंदाज बसलेले. जून-जुलैत भारताकडून त्याला बोलावणं येण्याची शक्यता कुणाही शहाण्या माणसाने फार धरली नसती. काउंटीला परदेशी खेळाडू असाच हवा असतो. कसोटीचा अनुभव भरपूर, पण सध्या कुणाला नको असलेला. लेस्टरशायरसारखा पैशाने बेताचा क्लब तर अशाच खेळाडूंवर डोळा ठेवून असतो.

मग एप्रिल उजाडला. चेन्नईने पन्नास लाखांच्या मूळ किमतीला घेतलेल्या रहाणेने वानखेडेवर मुंबईविरुद्ध २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. पुढे ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध २९ चेंडूंत नाबाद ७१. इतकी वर्षं आपण ज्याला सरळ बॅटचा, सबुरीचा खेळाडू म्हणून ओळखत होतो, तो कुणा वेगळ्याच माणसासारखा खेळत होता. तिकडे श्रेयस अय्यरची पाठ दुखावलेली होती. एप्रिलच्या अखेरीस जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचा संघ जाहीर झाला आणि त्यात रहाणेचं नाव होतं. जूनमध्ये तो इंग्लंडला आला खरा, पण ओव्हलवर, भारताची टोपी घालून. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८९ आणि ४६ धावा केल्या. त्या सामन्यात भारताकडून इतकं पाय रोवून दुसरं कुणी खेळलं नाही. लगेच वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी तो उपकर्णधार झाला, आणि तो दौरा आटोपल्यावर त्याला विश्रांती हवी होती. लेस्टरशायरने कळवलं, की या मोसमात तो येऊ शकणार नाही.

मला एकाच वेळी आनंद होत होता आणि चुटपुट लागली होती. आपला माणूस परत कसोटी खेळला, वर बाकी सगळे ढेपाळले तिथे उभा राहिला, याचा आनंद मोठा. पण ग्रेस रोडच्या फळ्यावर त्याचं नाव दिसणार नव्हतं. आणि विचार करत गेले तसं जाणवलं, की यात चुकलं कुणीच नव्हतं. क्लबने योग्य माणूस निवडला, रहाणेने मन लावून धावा केल्या, निवड समितीने धावा करणाऱ्याला घेतलं. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं आणि म्हणूनच एका काउंटीच्या उन्हाळ्याची आखणी कोसळली. तेव्हापासून मी काउंटी क्रिकेटकडे या बाजूने पाहायला लागले. कोण किती खेळला यापेक्षा कोण नसताना कोण खेळला, याकडे माझं लक्ष आधी जातं.

ज्यांना काउंटीची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रथम श्रेणीच्या अठरा काउंट्या आहेत. चॅम्पियनशिपच्या पहिल्या विभागात दहा, दुसऱ्यात आठ. प्रत्येकीला चार दिवसांचे चौदा सामने. मोसम एप्रिलच्या गारठ्यात सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस संपतो. एप्रिल-मेमध्ये चार दिवसांचे सामने भरभरून होतात, मग वीस षटकांच्या ब्लास्टचा धडाका. ऑगस्टमध्ये काउंट्यांहून वेगळ्या संघांची, शंभर चेंडूंची हंड्रेड ही स्पर्धा आणि तिच्या सावलीत पन्नास षटकांचा एकदिवसीय करंडक. सप्टेंबरमध्ये पुन्हा पांढरे कपडे, म्हणजे चार दिवसांचे सामने. इंग्लंडच्या घरच्या कसोट्या साधारण जूनपासून पुढे असतात. म्हणजे खेळपट्ट्या सुकून फलंदाजी करण्यासारख्या होतात, फिरकी गोलंदाजाला हात मोकळा करता येतो, नेमके तेच आठवडे देशाचे असतात. काउंटीच्या वाट्याला तिचे उत्तम खेळाडू येतात ते बोटं आखडवणाऱ्या एप्रिलमध्ये, ढगाळ हवेत, हिरव्या खेळपट्टीवर. तेही सगळे सामने नाहीत.

कारण २००० साली इंग्लंडच्या मंडळाने केंद्रीय करार सुरू केले. त्याआधी खेळाडू मुळात काउंटीचा नोकर होता आणि कसोटीपुरता देशाला उसना दिला जायचा. काउंटीचा सामना संपवून गाडी चालवत कसोटीच्या गावी पोहोचायचं, पाय दुखत असतानाच नवा चेंडू हातात घ्यायचा, अशी रीत. १९९९ मध्ये न्यूझीलंडने इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवलं आणि ही रीत चालणार नाही हे सगळ्यांना पटलं. केंद्रीय करारातला खेळाडू आता देशाचा. तो काउंटीकडून किती सामने खेळणार, कुठले खेळणार, वेगवान गोलंदाज असेल तर दिवसाला किती षटकं टाकणार, हेही इंग्लंडचं व्यवस्थापन ठरवतं. मला हा बदल योग्यच वाटतो. त्यानंतर इंग्लंडचा संघ सुधारला हे कुणी नाकारणार नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली हे बोललं जात नाही. इंग्लंडचा संघ जिंकतो तेव्हा काउंटीचं नाव धावफलकाखालच्या बारीक अक्षरांतही नसतं.

शरद ऋतूत, मोसम संपल्या संपल्या, काउंटीचे क्रिकेट संचालक पुढच्या वर्षाचा कागद मांडून बसतात. त्यांच्यासमोर खेळाडूंची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एक मनातला अंदाज. हा चौदाच्या चौदा खेळेल. हा बहुधा एप्रिलमधले तीन. या पोराने हिवाळ्यात इंग्लंड लायन्सकडून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या फळीच्या संघाकडून, दोन शतकं ठोकली तर मेमध्ये गेलाच समजा. या परदेशी गोलंदाजाचा देश जुलैत कुठे दौऱ्यावर आहे? हंड्रेडमध्ये आपले किती जण निवडले जातील? सामन्यात दोनच परदेशी खेळवता येतात, मग पहिला गेल्यावर दुसरा कुठून आणायचा, आणि त्याचा व्हिसा वेळेत होईल का? वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी हातात असतं, तरी उत्तरं नसतात. निवड ही धावांवर आणि दुसऱ्याच्या दुखापतींवर ठरते, आणि या दोन्ही गोष्टी ऑक्टोबरमध्ये कुणाला दिसत नाहीत.

कधी कधी तर आदल्या रात्रीपर्यंतही दिसत नाहीत. जून २०२२ मध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच सकाळी सीमारेषेवर चेंडू अडवताना इंग्लंडचा फिरकी गोलंदाज जॅक लीच डोक्यावर आपटला. लँकशायरचा लेगस्पिनर मॅट पार्किन्सन मँचेस्टरमध्ये घरी होता. फोन आला तसा गाडी काढून तो लंडनला निघाला आणि दुसऱ्याच्या जागी बदली म्हणून कसोटीत उतरला. काउंटीच्या नियमांतही याची तरतूद करून ठेवलेली आहे. चॅम्पियनशिपचा सामना चालू असताना खेळाडूला इंग्लंडचं बोलावणं आलं, किंवा कसोटीच्या अकरात जागा न मिळाल्याने त्याला मोकळं केलं, तर चालू सामन्यात माणूस बदलता येतो. दुसऱ्या दिवशी चहापानानंतर भलताच फलंदाज पॅड बांधून येताना दिसला तर नवख्या प्रेक्षकाने गोंधळून जाऊ नये.

परदेशी खेळाडूंच्या बाबतीत याची साखळीच तयार होते. २०२२ मध्ये ससेक्सने ट्रॅव्हिस हेडला घेतलं होतं. ऑस्ट्रेलियाचे दौरे आणि घरी येऊ घातलेलं बाळ, या कारणांनी त्याने नकार कळवला. त्याच्या जागी आला चेतेश्वर पुजारा. भारताने त्याला मार्चमध्ये श्रीलंकेविरुद्ध वगळलं होतं, आणि त्याने ससेक्सकडून आठ सामन्यांत १०९४ धावा केल्या. पाच शतकं, त्यातली तीन द्विशतकं. मग काय व्हायचं ते झालं. जुलैच्या पहिल्या तारखेला तो एजबॅस्टनवर भारताकडून कसोटी खेळत होता. एका देशाने माणूस नेला म्हणून भोक पडलं, ते ज्याने बुजवलं त्याला दुसऱ्या देशाने नेलं. तो कसोटी संपवून ससेक्सकडे परत आला आणि लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्ध कर्णधार म्हणून २३१ धावा करून गेला, हे ससेक्सचं नशीब.

सगळ्यांच्याच वाट्याला असा पूर्ण माणूस येत नाही, पण आला तर काय होतं ते पाहायला झहीर खानचं २००६ साल आठवावं. श्रीरामपूरचा झहीर तेव्हा भारतीय संघाबाहेर होता. वूस्टरशायरने त्याला घेतलं आणि त्या उन्हाळ्यात त्याने ७८ बळी काढले. एसेक्सविरुद्धच्या एका डावात पहिले नऊच्या नऊ गडी त्याचे होते. त्या मोसमात वूस्टरशायर वरच्या विभागात गेली. पुढच्या वर्षी झहीर इंग्लंडमध्ये आला तो भारताचा मुख्य गोलंदाज म्हणून, आणि ट्रेंट ब्रिजची कसोटी जिंकून देऊन गेला. त्याला परत घडवलं त्या काउंटीने. चेंडूवरची ती नवी हुकमत, ते थकेपर्यंत रोज टाकणं, ते सगळं वूस्टरच्या नदीकाठच्या मैदानावर झालं. भारतात त्या ट्रेंट ब्रिजच्या विजयाच्या कथा सांगताना वूस्टरशायरचं नाव निदान एकदा तरी घ्यायला हवं.

मोठ्या काउंट्या हे सगळं पचवू शकतात. २०१५ च्या वसंतात यॉर्कशायरचे सहा खेळाडू इंग्लंडबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. रूट, बॅलन्स, बेअरस्टो, लिथ, प्लंकेट, रशीद. गतविजेत्या संघाचा कणाच म्हणायचा. तरी यॉर्कशायरने ते विजेतेपद पुन्हा जिंकलं. सरे २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं जिंकली, आणि त्या काळात इंग्लंडचा संघ जाहीर झाला की त्यात सरेची नावं हटकून असायची. यामागे खजिना आहे, लंडनचं मोठं मैदान आहे, अकादमी आहे. सरेचा दुसरा संघ काही काउंट्यांच्या पहिल्या संघाला घाम फोडील. त्यांना बोलावण्याची भीती वाटत नाही. एक गेला की त्याच तोडीचा दुसरा आत येतो, आणि त्या दुसऱ्यालाही माहीत असतं की इथे खेळलं तर आपलीही पाळी येणार.

लेस्टरशायरचं तसं नाही. १९९६ आणि १९९८ मध्ये चॅम्पियनशिप जिंकलेला हा क्लब पुढे इतका खाली घसरला, की २०१२ च्या सप्टेंबरपासून २०१५ च्या जूनपर्यंत चॅम्पियनशिपच्या सलग ३७ सामन्यांत त्यांना एकही विजय मिळाला नाही. त्यामागे बरीच कारणं होती. पण त्यातलं एक असं, की इथे जो मोठा व्हायचा तो निघून जायचा. स्टुअर्ट ब्रॉड इथे तयार झाला आणि नॉटिंगहॅमशायरला गेला. जेम्स टेलर इथे तयार झाला आणि तोही नॉटिंगहॅमशायरलाच गेला. ज्याला इंग्लंडकडून खेळायचंय तो पहिल्या विभागातल्या काउंटीकडे जाणार, कारण निवड समितीचे डोळे तिकडे असतात. बोलावणं यायच्या आधी, नुसत्या बोलावण्याच्या आशेनेच, माणूस गमावला जातो. मोसमाची आखणी वगैरे पुढची गोष्ट. मला लेस्टरशायरचा लळा लागला तो याच काळात. तीन-साडेतीन तास रिकाम्या खुर्च्यांत बसून हरताना पाहिलेल्या संघावर जीव जडतो तो काही वेगळाच असतो.

ग्रेस रोडवर माझ्या शेजारी बरेचदा एक वृद्ध सभासद बसतात. थर्मासमधला चहा, पिशवीत गुंडाळलेली सँडविचेस, मांडीवर हाताने भरायची धाववही. सकाळी संघ जाहीर झाला की ते आधी पलीकडच्या पानावर नसलेल्यांची नावं लिहितात. कोण इंग्लंडकडे, कोण लायन्सकडे, कुणाला दुखापत, कुणाला सक्तीची विश्रांती. मी एकदा विचारलं की हे कशासाठी. ते म्हणाले, निकाल वाचणाऱ्याला हे कळायला नको का? मला ते इतकं पटलं, की मीही आता तसंच करते.

२०२३ च्या त्या उन्हाळ्याचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंय. रहाणे आला नाही, ऑस्ट्रेलियाचा पीटर हँड्सकोम्ब राहिला. मोसमाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलले. ऑगस्टमध्ये हंड्रेडने सगळ्याच काउंट्यांचे चांगले खेळाडू नेले आणि उरलेल्यांचा एकदिवसीय करंडक सुरू झाला. लेस्टरशायर त्यात जिंकत जिंकत अंतिम फेरीत पोहोचली. सामना १६ सप्टेंबरला ट्रेंट ब्रिजवर, समोर हँपशायर. आणि तेवढ्यात हँड्सकोम्बला ऑस्ट्रेलियाला परत जावं लागलं. त्याच्या जागी यष्टिरक्षक म्हणून आला हॅरी स्विंडेल्स. लेस्टरमध्येच जन्मलेला, बराच काळ संघाच्या आतबाहेर असलेला. तो आला तेव्हा डाव कोसळत होता, शंभरच्या आत सहा गडी गेले होते. त्याने सॅम इव्हान्सला साथीला घेऊन नाबाद ११७ धावा केल्या. पन्नास षटकांच्या क्रिकेटमधलं त्याचं ते पहिलं शतक. हँपशायर दोन धावांनी हरली. शेवटचं षटक टाकायला चेंडू दिला होता जॉश हल नावाच्या एकोणीस वर्षांच्या उंचपुऱ्या डावखुऱ्या पोराकडे.

त्या दिवशी मी मैदानात होते आणि शेवटच्या षटकात उभी राहून ओरडत होते. शेजारी एक बाई रडत होत्या. १९८५ नंतर पन्नास-पंचावन्न षटकांच्या स्पर्धेत लेस्टरशायरने जिंकलेला हा पहिला करंडक. आखणीप्रमाणे सगळं झालं असतं तर त्या दिवशी कदाचित रहाणे खेळला असता, हँड्सकोम्ब खेळला असता आणि स्विंडेल्स पाण्याच्या बाटल्या घेऊन बसला असता. पण मला त्यात नशिबाचा खेळ दिसत नाही. स्विंडेल्सला करारावर ठेवणं, त्याला दुसऱ्या संघातून खेळत ठेवणं, त्याचे हात यष्टीमागे गरम ठेवणं, ही क्लबने वर्षानुवर्षं केलेली कामं होती. कुणी पाहत नसताना केलेली. छोट्या काउंटीची खरी आखणी म्हणजे हीच. वरच्या दोन-तीन नावांवर संघ उभा करायचा नसतो, त्यांच्या पाठीमागे बसलेल्यांना खेळायला तयार ठेवायचं असतं. ती नावं कधीही जाणार, हे धरूनच चालायचं.

आणि मग त्या तयार ठेवलेल्यांनाही बोलावणं येतं. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, मार्क वुड जायबंदी झाला आणि इंग्लंडने कसोटी संघात घेतला तो जॉश हलला. त्या मोसमात चॅम्पियनशिपमध्ये त्याचे बळी होते दोन, सरासरी १८२.५०. लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही. इंग्लंडला हवी होती त्याची उंची, डावा हात आणि वेग, आकडे नको होते. काउंटीने त्याला दुखापतीतून सांभाळत, हळूहळू वाढवायचं ठरवलं होतं. आता ती गती दुसऱ्याच्या हाती गेली. सप्टेंबरमध्ये ओव्हलवर श्रीलंकेविरुद्ध तो वीस वर्षांचा पोरगा कसोटी खेळला. त्या वेळी लेस्टरशायरच्या संघात कोण होतं? रहाणे. एका वर्षाने का होईना तो आला. दक्षिण आफ्रिकेचा वियान मुल्डर आपल्या देशाकडून खेळायला जाणार म्हणून त्याची जागा भरायला! कार्डिफला ग्लॅमॉर्गनविरुद्ध त्याने शतकही केलं. ग्रेस रोडवर मी त्याला पाहिलं. स्लिपमध्ये तो उभा राहतो, गुडघ्यांवर हात ठेवून, मग गोलंदाज धावायला लागला की हळूच खाली बसतो, ते आईला व्हिडिओवर दाखवलं. तिथून तो मुंबईचा कर्णधार म्हणून इराणी करंडक खेळायला गेला. मुंबईने तो सत्तावीस वर्षांनी जिंकला. त्यात द्विशतक करणारा सर्फराझ खान कानपूर कसोटीच्या भारतीय संघातून मोकळा करून पाठवलेला होता. तिकडेही तेच नाटक, फक्त पात्रं ओळखीची.

परत येणारा माणूस हा या आखणीतला सगळ्यात नाजूक भाग. जाणाऱ्याची जागा भरता येते. पण त्याला इंग्लंडने मोकळं केलं, तो दाराशी येऊन उभा राहिला, तर ज्याने चार सामने तिथे घाम गाळला त्याला काय सांगायचं? सॉमरसेटचा शोएब बशीर फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला इंग्लंडकडून कसोटी खेळला, तेव्हा प्रथम श्रेणीचे सामने त्याच्या नावावर बोटांवर मोजण्याइतके होते. उन्हाळ्यात तो इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा फिरकी गोलंदाज होता. पण काउंटीत जॅक लीच होता, आणि सॉमरसेटला दोन फिरकी गोलंदाज दर सामन्यात परवडणारे नव्हते. देशाच्या गोलंदाजाला वूस्टरशायरकडे उसना पाठवावा लागला. सॉमरसेटवर टीका झाली. माझ्या मते सॉमरसेटने केलं ते बरोबरच होतं. काउंटीला स्वतःचा सामना जिंकायचा हक्क आहे.

मुंबईच्या वाचकांना जानेवारी २०२५ मधला बीकेसीवरचा सामना आठवत असेल. भारतीय संघातल्यांनी रणजी खेळलंच पाहिजे असा हुकूम निघाला आणि रोहित शर्मा व यशस्वी जैस्वाल जम्मू-काश्मीरविरुद्ध सलामीला उतरले. सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे, ज्याने तोवर मुंबईची सलामी सांभाळली होती, बाहेर बसला. मुंबई पाच गड्यांनी हरली. दोन्ही डावांत लढला तो शार्दुल ठाकूर, दुसऱ्या डावात शतक करून. हाच शार्दुल त्या वर्षी वसंतात एसेक्सकडून खेळायचा होता. आयपीएलच्या लिलावात कुणी घेतला नव्हता म्हणून एसेक्सने घेतला. मग लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला, आयपीएलचं बोलावणं आलं, आणि एसेक्सच्या कागदावरचं एप्रिल-मेचं ते नाव खोडलं गेलं. आता देशाच्या बोलावण्याच्या बरोबरीने फ्रँचायझीचं बोलावणंही उभं आहे. त्याला वेळापत्रक नसतं की मुदत नसते. देशासाठी माणूस जातो तेव्हा सभासदाच्या मनात थोडा अभिमान तरी असतो. इथे तोही नाही.

या सगळ्यात माझं मन ज्यांच्यापाशी जाऊन थांबतं, ते कधीच न बोलावले गेलेले लोक आहेत. एसेक्सचा जेमी पोर्टर २०१७ मध्ये ७५ बळी घेऊन चॅम्पियनशिप जिंकून देतो, पुढच्या वर्षी भारताविरुद्धच्या कसोटीच्या संघात निवडला जातो आणि न खेळता परत येतो. आमच्या लेस्टरचा डॅरेन स्टीव्हन्स, इथून केंटला गेलेला, वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत तो मंद गतीने चेंडू डुलवत राहिला आणि बळी काढत राहिला. इंग्लंडकडून एकही सामना नाही. मुंबईकरांना यावर वेगळं सांगायला नको. पद्माकर शिवलकरांनी १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईला एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, भारताकडून एकही कसोटी नाही. सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईत राहिला, तेव्हा कसोटीवीर अनेकदा दौऱ्यांवर होते. त्या दिवसांत संघ कुणावर विसंबून होता? जे नेहमी हजर होते त्यांच्यावर. सर्वांत चांगल्या खेळाडूंची यादी आपण पाठ करतो, सर्वांत जास्त हजर राहिलेल्यांची कुणी करत नाही.

२०२५ मध्ये लेस्टरशायरने दुसरा विभाग जिंकला. २००३ नंतर पहिल्यांदा क्लब पहिल्या विभागात गेला. त्यात रेहान अहमदचा मोठा वाटा होता. हा याच क्लबमध्ये घडलेला मुलगा. अठराव्या वर्षी कराचीत इंग्लंडकडून कसोटी खेळला आणि पदार्पणातच पाच बळी घेतले. इंग्लंडच्या पुरुषांच्या कसोटी संघातला तो आजवरचा सर्वांत लहान वयाचा खेळाडू. २०२५ च्या उन्हाळ्यात कसोटी संघात त्याला जागा नव्हती, म्हणून तो लेस्टरशायरला मिळाला. वरच्या क्रमांकावर फलंदाजीला आला, डर्बीशायरविरुद्ध एकाच सामन्यात शतक आणि तेरा बळी अशी कामगिरी केली. त्याच्या डोळ्यांत इंग्लंडने न घेतल्याची बोच असेल का, हे मी लांबून कसं सांगणार? आमच्या स्टँडमधल्या लोकांना मात्र तो आपल्याकडे आहे याचा आनंद लपवता येत नव्हता, आणि तो आनंद होतोय याचा थोडा संकोचही.

पहिल्या विभागात अशा उन्हाळ्यांची शाश्वती नाही. इथे प्रत्येक सामन्याला निवड समितीचं कुणी ना कुणी येऊन बसणार. रेहान चांगला खेळला तर जाईल. हल तंदुरुस्त राहिला तर जाईल. हंड्रेडच्या संघांतले हिस्से विकून २०२५ मध्ये सुमारे ५२ कोटी पौंड उभे राहिले, आणि ज्यांच्याकडे हंड्रेडचं मैदान नाही अशा लेस्टरशायरसारख्या काउंट्यांनाही त्यातून बरीच रक्कम मिळते आहे. तो पैसा एखाद्या झगमगत्या परदेशी नावावर न घालवता दुसऱ्या संघावर लावावा, असं मला मनापासून वाटतं. दोन यष्टिरक्षक जास्त, तीन गोलंदाज जास्त, आणि त्यांना वर्षभराचा पुरेसा पगार, म्हणजे पंचविशीत हिंमत हरून ते दुसरी नोकरी धरणार नाहीत. सभासदांच्या सभेत मी हे बोलणार आहे. धाववहीवाल्या आजोबांनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय, फक्त त्यांची एक अट आहे. पगार ठरवताना दुसऱ्या संघाच्या सामन्यांना जेवण मिळतं का, तेही विचारायचं.